जखमी रक्तवाहिनी, वाहक विषाणू आणि मुदतीचा प्रश्न

अँजिओप्लास्टीने रुग्णाच्या छातीतली कळ थांबते, पण धमनीच्या दृष्टीने पाहिले तर ती एक जखमच असते. चिंचोळ्या झालेल्या धमनीत बारीक नळीतून फुगा न्यायचा, तो दाबाने फुगवून साठलेला थर भिंतीत रेटायचा आणि रक्ताची वाट मोकळी करायची, ही अँड्रियास ग्रुंटझिग यांची युक्ती. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्यांनी ती हृदयाच्या धमनीवर यशस्वी करून दाखवली आणि हृदयरोगाच्या उपचाराची दिशा बदलली. मात्र फुगा फुगतो तेव्हा धमनीचे आतले नाजूक अस्तर सोलवटते, त्यामागचा स्नायूंचा थर ताणला जातो, क्वचित फाटतोही. शरीर ही जखम भरून काढायला धावते आणि भरून काढण्याच्या भरात वाट पुन्हा अरुंद करून ठेवते. नुसता फुगा वापरला जात होता त्या काळात दर तीन रुग्णांपैकी किमान एकाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई. या अडचणीवर तोडगा म्हणून १९९०च्या सुमारास एक धाडसी विचार पुढे आला: विषाणूंच्या पाठीवरून जखमी भिंतीच्या पेशींमध्येच एखादे जनुक पोचवायचे आणि जखम कशी भरावी हे त्या पेशींना आतूनच शिकवायचे. हा विचार प्राण्यांवर यशस्वी ठरला, माणसांवर अडखळला आणि पुढे औषध लावलेल्या स्टेंटने त्याची जागा घेतली. त्यामुळे त्याची गणना आज फसलेल्या कल्पनांमध्ये होते. माझ्या मते हा निकाल घाईचा आहे. या प्रयोगांची अडचण जनुकाच्या निवडीपेक्षा जागा आणि मुदत या दोन गोष्टींत होती, आणि जिथे या दोन्ही आपल्या हातात असतात तिथे या उपचाराला अजून न्याय मिळालेला नाही.

हे समजून घ्यायला रक्तवाहिनीची भिंत थोडी उलगडून पाहावी लागेल. रक्ताला लागून असलेले अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते, पण त्याचे काम मोठे. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. हा वायू वाहिनी सैल ठेवतो, रक्तातल्या बिंबिकांना चिकटू देत नाही आणि मागच्या स्नायूपेशींना शांत ठेवतो. रक्तवाहिन्यांना मिळणारा हा संदेश ओळखल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८चे नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तरामागे लवचीक तंतूंचा पातळ पडदा, त्यामागे स्नायूपेशींचा मधला थर आणि सर्वांत बाहेर जोडणाऱ्या ऊतींचे वेष्टण, अशी ही रचना आहे. अस्तर सोलवटले की हा पहारा उठतो. काही मिनिटांत बिंबिका येऊन चिकटतात, त्यांच्यातून वाढीचे संदेश सुटतात, दाह सुरू होतो आणि एरवी स्वस्थ असलेल्या स्नायूपेशी जाग्या होऊन वाढू लागतात. पडद्यातल्या छिद्रांतून त्या आत सरकतात आणि रक्ताच्या बाजूला एक नवा जाड थर उभा करतात. विभाजनाचा जोर पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत असतो, थर जाड होण्याचे काम काही महिने चालते, आणि सहा महिन्यांनंतर ते बहुतेक थंडावते. म्हणजे या दुखण्याला ठळक सुरुवात आहे आणि बऱ्यापैकी ठळक शेवटही आहे. मधुमेहासारखे ते जन्मभर पुरत नाही. उपचाराची सगळी गणिते या वेळापत्रकावर बसवायला हवीत, असे माझे म्हणणे आहे.

आता विषाणूचा प्रश्न. जनुक म्हणजे एखादे प्रथिन बनवण्याची कृती. ती पेशीच्या आत पोचली तर पेशी स्वतःच ते औषध बनवू लागते, पण उघड्या डीएनएला पेशीचा पडदा ओलांडणे फार कठीण. विषाणूंनी मात्र हेच काम कोट्यवधी वर्षे केले आहे. त्यामुळे विषाणूमधली आजार माजवणारी, स्वतःची संख्या वाढवणारी जनुके काढून टाकायची, त्या रिकाम्या जागी आपल्याला हवे ते जनुक भरायचे आणि त्याला वाहक म्हणून वापरायचे, ही जनुकोपचाराची मूळ रीत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एलिझाबेथ नेबेल, ग्रेगरी प्लॉट्झ आणि गॅरी नेबेल यांनी १९९० साली डुकरांच्या मांडीकडच्या धमनीत असे जनुक थेट भिंतीत उतरवून दाखवले. ते उपचाराचे जनुक नव्हते. जिथे पोचेल तिथे निळा रंग उमटवणारे केवळ खुणेचे जनुक होते, पण शरीरातल्या एका ठरावीक तुकड्यापुरते जनुक पोचवता येते हे त्यातून सिद्ध झाले. चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच परंपरेतल्या संशोधकांनी ॲडिनोव्हायरसमधून नागीण विषाणूचे थायमिडीन कायनेज हे जनुक डुकरांच्या जखमी धमनीत पोचवले आणि जनावरांना गॅनसायक्लोव्हिर हे औषध दिले. ज्या पेशी विभाजन पावत होत्या आणि ज्यांच्यात ते जनुक होते, त्या या औषधाने मेल्या. नवा थर लक्षणीय पातळ राहिला. १९९५ मध्ये पेशीचे विभाजन रोखणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा जनुकाचे कायम चालू राहणारे रूप वापरूनही असाच परिणाम मिळाला. त्याच वर्षी उंदरांच्या गळ्यातल्या धमनीत नायट्रिक ऑक्साइड बनवणारे जनुक घातल्यावर थराची वाढ सुमारे ७० टक्क्यांनी घटली. तीन वेगळी जनुके, तीन वेगळे मार्ग, आणि उत्तर एकच. जनुकांची वानवा नव्हती हे यावरून दिसते.

मग माणसात काय अडले? पहिली अडचण जागेची. प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या धमनीचा तुकडा दोन बाजूंनी बंद करून त्यात विषाणूंचे द्रावण वीस-तीस मिनिटे भरून ठेवता येते. माणसाच्या हृदयाची धमनी इतका वेळ बंद ठेवली तर तेवढ्यात झटका येईल. म्हणजे पाटाचे पाणी चालू असताना त्याच्या भिंतीला गिलावा करण्यासारखे हे काम आहे: बहुतेक माल वाहून जातो, आणि जातो कुठे हेही महत्त्वाचे. ॲडिनोव्हायरस रक्तात मिसळला की रक्तातलाच एक गोठण घटक, फॅक्टर टेन, त्याला चिकटतो आणि त्याला यकृताच्या पेशींकडे घेऊन जातो. हृदयासाठी सोडलेला विषाणू असा यकृतात जमा होतो. भिंतीत जो थोडा उरतो, त्यालाही पुढे वाट सोपी नसते. ॲडिनोव्हायरसचा कण सुमारे ९० नॅनोमीटरचा. लवचीक पडदा शाबूत असेल तर तो कण मधल्या थरापर्यंत पोचत नाही, अस्तरातच अडकतो. ज्या रेणूला धरून हा विषाणू पेशीत शिरतो, तो स्नायूपेशींच्या पृष्ठभागावर फार कमी असतो. आणि चरबी, तंतू व कॅल्शियम यांनी भरलेली माणसाची रोगट धमनी म्हणजे प्रयोगशाळेतल्या तरुण डुकराची स्वच्छ धमनी नव्हे. त्यातच १९९५ मध्ये सशांवरच्या एका प्रयोगाने वेगळाच इशारा दिला होता. निरोगी धमनीत ॲडिनोव्हायरस घातला तरी भिंतीत दाह सुरू झाला आणि नवा थर वाढू लागला. जखम भरण्यासाठी पाठवलेला वाहक स्वतःच जखम करत होता.

दुसरी अडचण मुदतीची, आणि तिच्याकडे जागेइतके लक्ष दिले गेले नाही. प्रत्येक वाहक विषाणूचे स्वतःचे वेळापत्रक असते. रेट्रोव्हायरस आपले जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचे घालतो, पण त्यासाठी पेशी विभाजन पावत असावी लागते आणि धमनीत तो फारच थोड्या पेशींत शिरतो. ॲडिनोव्हायरस विभाजन नसलेल्या पेशीतही शिरतो, एका दिवसात काम सुरू करतो, पहिल्या आठवड्यात शिखर गाठतो आणि प्रतिकारशक्तीने ओळखल्यामुळे काही आठवड्यांत विझतो. आज सर्वांत गाजत असलेला एएव्ही हा अगदी लहान, सुमारे २५ नॅनोमीटरचा विषाणू. तो सौम्य आहे आणि न विभागणाऱ्या पेशीत वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून जन्मजात आजारांवरच्या अनेक मान्यताप्राप्त जनुकोपचारांत तो वापरला जातो. पण त्याचे जनुक पूर्ण जोमाने काम करायला आठवडे घेते. रक्तवाहिनीच्या जखमेत निर्णायक घटना पहिल्या दिवसांतच घडून गेलेल्या असतात. म्हणून ज्या गुणामुळे एएव्ही इतरत्र श्रेष्ठ ठरतो, तो टिकाऊपणा इथे उपयोगाचा नाही, आणि ज्या कमीपणामुळे ॲडिनोव्हायरस जन्मजात आजारांत मागे पडला, ते अल्पायुष्य इथे जवळजवळ गुण ठरते. जखमेला कायमचा पहारेकरी नको असतो, पहिले काही आठवडे हवा असतो. प्रत्येक आजारासाठी सर्वांत टिकाऊ वाहकच उत्तम, हा सर्वसाधारण समज रक्तवाहिनीच्या बाबतीत तपासून घ्यायला हवा.

जागा आणि मुदत यांचे महत्त्व किती, हे स्टेंटच्या विजयातून सर्वांत स्पष्ट दिसते. आधी साधा धातूच्या जाळीचा स्टेंट आला. भिंत आत ढासळू नये म्हणून तो आधार देई, पण नवा थर वाढायचा तो वाढतच राही. मग त्या जाळीवर सिरोलिमस हे औषध लावण्यात आले. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध पेशींचे विभाजन थांबवते. २००२ मध्ये जाहीर झालेल्या रॅव्हेल या चाचणीत २३८ रुग्ण होते. साधा स्टेंट बसवलेल्यांपैकी २६.६ टक्के रुग्णांची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद झाली. सिरोलिमसचा स्टेंट बसवलेल्यांत असा एकही रुग्ण नव्हता. हे औषध नवे नव्हते. अवयव प्रत्यारोपणात ते आधीपासून वापरले जात होते. नवी होती ती त्याची नेमकी जागा, भिंतीला टेकलेली जाळी, आणि त्याची मुदत, म्हणजे महिनाभरात हळूहळू झिरपणे. लहान, चरबीत विरघळणारा रेणू भिंतीत सहज शिरला आणि जनुकाला जे जमले नव्हते ते करून गेला. त्याच सुमारास फिनलंडमधल्या कुओपिओ येथील चाचणीचा निष्कर्ष आला. तिथे १०३ रुग्ण होते; अँजिओप्लास्टीच्या वेळी खास नळीतून, काहींना ॲडिनोव्हायरसमधून आणि काहींना चरबीच्या वेष्टणातून, अस्तराच्या वाढीला मदत करणारे व्हीईजीएफ जनुक देण्यात आले. हे सुरक्षित ठरले, ॲडिनोव्हायरस मिळालेल्या गटात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थोडा सुधारलेला दिसला. पण सर्व गटांत मिळून फक्त ६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या आणि गटांत फरक उरला नव्हता. बहुतेकांना स्टेंट बसवलेले होते. जो प्रश्न सोडवायला जनुक गेले, तो प्रश्नच आकुंचन पावला होता.

इथे वाचकाने रास्त शंका घ्यावी: मग हा विषय संपवून का टाकू नये? जे काम स्टेंट करतो, त्यासाठी विषाणूंच्या भानगडीत कशाला पडायचे? शंका योग्य आहे आणि हृदयाच्या साध्या धमनीपुरते तिचे उत्तर स्पष्ट आहे: पडू नये. पण स्टेंटच्याही मर्यादा आहेत. त्याचे औषध कोणती पेशी आहे हे ओळखत नाही. ते स्नायूपेशीला रोखते तसेच नव्या अस्तराच्या पेशीलाही रोखते. अस्तर उशिरा येते, जाळी उघडी राहते आणि त्यावर गुठळी होण्याचा धोका उरतो. २००६च्या सुमारास याच भीतीने जगभर खळबळ उडाली होती आणि म्हणूनच स्टेंट बसवलेल्या रुग्णाला महिनोन्महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घ्याव्या लागतात. जनुकाला मात्र पेशी ओळखायला शिकवता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विभाजन रोखणाऱ्या पी२७ जनुकाला एक छोटी खूण जोडली होती. अस्तराच्या पेशींत विपुल असणारा एक सूक्ष्म आरएनए ही खूण ओळखून तिथे ते जनुक बंद पाडतो. स्नायूपेशींत तो आरएनए नसल्याने तिथे जनुक चालू राहते. उंदराच्या जखमी धमनीत ॲडिनोव्हायरसमधून हे जनुक दिल्यावर नवा थर रोखला गेला आणि अस्तर नेहमीसारखे परतले. असा भेद रसायनाला करता येत नाही.

त्याहून मोठी मर्यादा अशी की काही जखमी रक्तवाहिन्यांमध्ये स्टेंट मुळात बसतच नाही. बायपास शस्त्रक्रियेत पायातली लांब शीर काढून हृदयाच्या धमनीवर जोडली जाते. शीर कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली असते. काढताना, ताणताना, भरून तपासताना तिच्या अस्तराला इजा होते आणि मग एकदम धमनीच्या दाबाचे रक्त तिच्यातून वाहू लागते. तिच्या भिंतीत वर सांगितलेली सगळी मालिका सुरू होते. छातीतली धमनी जोडली तर दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांच्या आसपास खुली राहते, पण शिरेचे जोड त्याच काळात जवळपास निम्मे बंद पडतात. मग छातीचीच धमनी का वापरू नये, असे कुणी म्हणेल. शल्यविशारद ती वापरतातच, पण अशा धमन्या मोजक्या असतात आणि बहुतेक रुग्णांना दोन-तीन-चार जोड लागतात, म्हणून पायातली शीर आजही बायपासमध्ये सर्वाधिक वापरली जाते. आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की ही शीर शरीरातून बाहेर काढल्यापासून पुन्हा जोडेपर्यंत काही वेळ शल्यविशारदाच्या हातात असते. तिच्यात रक्त नसते, ती तेवढा वेळ बंद ठेवता येते, विषाणूचे द्रावण आत भरून नंतर धुऊन टाकता येते, यकृताशी तिचा संबंधच नसतो. धमनीत जी अडचण सुटत नव्हती, ती जागेची अडचण इथे आपसूक सुटलेली आहे. डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुलाही याच जातीचा. तो जोडाजवळ अरुंद होतो आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. तिथेही वाहिनी त्वचेखाली, हाताशी असते.

या दिशेने सर्वांत आश्वासक काम ब्रिटनमधील संशोधकांनी केले. वाढणाऱ्या स्नायूपेशी भिंतीतला सांगाडा कापत पुढे सरकतात आणि तो कापणाऱ्या विकरांना टिंप-३ हे प्रथिन रोखते. २००० साली ॲडिनोव्हायरसमधून हे जनुक डुकरांच्या शिरेच्या जोडांत घालण्यात आले आणि महिनाभराने नवा थर लक्षणीय कमी दिसला. २०११ मध्ये त्याच पद्धतीने तीन महिन्यांपर्यंत पाहिले तेव्हाही फायदा टिकून होता, आणि मुदतीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. ॲडिनोव्हायरसचे जनुक तोवर कधीच थंडावले होते, तरी परिणाम उरला होता. पहिल्या आठवड्यांत घटनाक्रमाला वळण मिळाले की पुढची वाट बदलते. म्हणजे अल्पायुषी वाहक पुरेसा ठरू शकतो, निदान या प्राण्यात तरी.

याला सर्वांत बळकट उत्तर विरोधी बाजूने आहे आणि ते टाळून चालणार नाही. शीर शरीराबाहेर असताना तिच्यावर जनुकीय उपचार करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग झालेला आहे आणि तो फसलेला आहे. प्रिव्हेंट चाचण्यांत विषाणू नव्हता. पेशी विभाजनाची सूत्रे हलवणाऱ्या ईटूएफ या प्रथिनाला चकवणारा डीएनएचा छोटा तुकडा दाबाखाली शिरेच्या भिंतीत भरला जात होता. सशांवर आणि १९९९ मधील ४१ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत निकाल उत्साहवर्धक होते. पण पायाच्या बायपासच्या १,४०४ रुग्णांवर आणि हृदयाच्या बायपासच्या ३,०१४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत काहीच फरक पडला नाही. २००५ मध्ये जाहीर झालेल्या हृदयाच्या चाचणीत दीड वर्षाच्या आत दोन्ही गटांतल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा किमान एक जोड बिघडलेला होता. जागा अचूक असूनही उपचार फसला, हे मान्य करावे लागते. माझा दावा त्यामुळे अरुंद होतो, पण मोडत नाही. तो डीएनएचा तुकडा पेशीत नवे काही बनवत नव्हता, फक्त काही काळ एक प्रथिन अडकवून ठेवत होता, आणि झिजला की संपला. विषाणूतले जनुक आठवडाभर, दोन आठवडे, प्रथिन बनवत राहते. शिवाय तो तुकडा विभाजनाच्या एकाच कळीवर बेतलेला होता, तर शिरेच्या जोडाचे नुकसान दाह, गुठळी आणि पेशींचे स्थलांतर यांच्या मिश्रणातून होते. हे स्पष्टीकरण तर्काला धरून आहे, सिद्ध झालेले नाही. ते तपासायचे तर मानवी चाचणीच लागेल. प्रिव्हेंटने शिकवलेला धडा हा की जागा ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही, आणि प्राण्यांतल्या यशावरून माणसातले यश गृहीत धरण्याची किंमत हजारो रुग्णांच्या वेळेत मोजावी लागते.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर. १७ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या यकृताकडे जाणाऱ्या धमनीत सुमारे ३८ लाख कोटी ॲडिनोव्हायरस कण सोडले होते आणि प्रतिकारशक्तीच्या वादळाने त्याचे अवयव निकामी केले. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवरच्या उपचारात रेट्रोव्हायरसचे जनुक कर्करोगकारक जनुकाच्या शेजारी जाऊन बसल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. हे अपघात विसरता येत नाहीत, पण ते कोणत्या परिस्थितीत घडले हे पाहावे लागते. ॲडिनोव्हायरस आपले जनुक सहसा गुणसूत्रात घालत नाही, म्हणून दुसऱ्या प्रकारचा धोका त्याच्यात फार कमी. आणि पहिला धोका मात्रेशी बांधलेला आहे. हृदयाच्या धमनीत ॲडिनोव्हायरसमधून नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे एफजीएफ-४ जनुक देणाऱ्या मोठ्या एजंट चाचण्यांत सर्वांत मोठी मात्रा एक हजार कोटी कणांची होती, म्हणजे गेल्सिंगरला दिलेल्या मात्रेच्या हजारो पट कमी. त्या चाचण्या मूळ उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत, पण त्यांच्यात अशी आपत्ती ओढवली नाही. तरी एक धोका रक्तवाहिन्यांच्या बाबतीत नव्याने लक्षात घ्यायलाच हवा. कोरोनाच्या लशींमधल्या ॲडिनोव्हायरसमुळे अत्यंत थोड्या लोकांत बिंबिका कमी होऊन गुठळ्या झाल्या. बिंबिकांतले पीएफ-४ हे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागाला चिकटते आणि काही जणांचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, असे दिसून आले. ताज्या जखमेवर बिंबिका जमलेल्या असताना तिथे हाच विषाणू ठेवणे विचार करायला लावते. म्हणूनच वाहत्या रक्तात विषाणू सोडण्यापेक्षा रिकामी शीर भरून, धुऊन मग जोडणे हाच मार्ग मला सुरक्षिततेच्या दृष्टीनेही श्रेष्ठ वाटतो.

किमतीच्या आक्षेपाचे उत्तर मात्र अनेकांना वाटते त्याहून सोपे आहे. जनुकोपचार म्हटले की कोट्यवधी रुपयांचे आकडे डोळ्यांसमोर येतात. मुलांचे स्नायू दुबळे करणारा आजार रोखणाऱ्या झोल्गेन्स्मा या एएव्ही उपचाराची किंमत २०१९ मध्ये अमेरिकेत २१ लाख डॉलरच्या वर ठरली. पण त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे शंभर लाख कोटींहून अधिक कणांची असते, कारण तो सगळ्या शरीरात पसरावा लागतो. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशील्डच्या एका मात्रेत ॲडिनोव्हायरसचे सुमारे पाच हजार कोटी कण होते, म्हणजे मोठ्या एजंट चाचण्यांतल्या सर्वांत मोठ्या मात्रेच्या पाचपट. केंद्र सरकारने ती मात्रा दीडशे ते दोनशे रुपयांच्या घरात घेतली आणि तिच्या शंभर कोटींहून अधिक मात्रा देशभर दिल्या गेल्या. अर्थात लस आणि औषध यांची चाचणी, शुद्धता, परवाना वेगळे असतात, आणि थोड्या रुग्णांसाठी बनवलेल्या औषधाला प्रचंड उत्पादनाचा फायदा मिळत नाही. तरीही ॲडिनोव्हायरसचे कण घडवणे महागडे असलेच पाहिजे, हे पुण्याने खोटे ठरवले आहे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या, विषाणू वाहक वापरणाऱ्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि तो परदेशापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो. जनुकोपचाराच्या चाचण्यांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून आहेत. बायपास होणारे आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण आपल्याकडे मुबलक आहेत, आणि मधुमेहामुळे त्यांच्या वाहिन्यांचे हाल इतरांपेक्षा अधिक होतात. परदेशातल्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण आपल्याकडे फार उरलेले नाही.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा: जखम झाल्यावर तिची मलमपट्टी करण्यापेक्षा कोलेस्टेरॉल कमी करून आजारच टाळावा. आता तर यकृतातले कोलेस्टेरॉल वाढवणारे पीसीएसके-९ हे जनुक संपादनाने कायमचे बंद करण्याचे प्रयोग माणसांवर सुरू झाले आहेत, आणि त्यात वाहक विषाणूही लागत नाही, चरबीचे कण पुरतात. हे काम महत्त्वाचे आहे, पण ते वेगळ्या रुग्णासाठी आहे. ज्याचा जोड बसवला जात आहे किंवा ज्याच्या हातात फिस्टुला केला जात आहे, त्याची जखम त्या दिवशी शस्त्रक्रियेने होणार आहे, आणि ती कधी, कुठे, किती लांबीची होणार हे सर्जनला आधीच माहीत असते. वैद्यकात इतकी पूर्वसूचना क्वचितच मिळते. म्हणून पुढची चाचणी अशी असावी असे मला वाटते: शीर हातात असताना दिलेला ॲडिनोव्हायरस, पेशींचा भेद ओळखणारे किंवा टिंप-३ सारखे जनुक, तुलनेसाठी त्याच रुग्णाचा उपचार न केलेला दुसरा जोड, आणि यशाची मोजणी फक्त एका प्रश्नावर: दोन वर्षांनी जोड खुला आहे की बंद? रक्तपुरवठ्याचे सूक्ष्म आलेख, रुग्णाला वाटणारा बरेपणा यांच्यावर निष्कर्ष बेतून या क्षेत्राने एकदा स्वतःची फसवणूक करून घेतली आहे. असा प्रयोग झाला आणि जोड तरीही बंद पडले, तर विषाणूंचा हा मार्ग शांतपणे सोडून द्यावा. तो होईपर्यंत मात्र, अयोग्य जागी आणि चुकीच्या मुदतीने केलेल्या प्रयत्नांच्या आधारे त्याला फसलेला ठरवणे हे विज्ञानाला धरून नाही.